नन्नाचा पाढा: दोन प्रश्न आणि एक कादंबरी

गेल्या वर्षी एका रविवारी आमच्या वाचनगटात मी फळ्यावर दोन प्रश्न लिहिले. गट छोटा, सात-आठ मुलंमुली, बहुतेक पदवीच्या शेवटच्या वर्षाची. पुस्तकाचं नाव सांगितलं नव्हतं, देशही सांगितला नव्हता.

पहिला प्रश्न: हुकूम होईल तिथे जाऊन सैन्यात लढायची तुमची तयारी आहे का?

दुसरा प्रश्न: या देशाशी बिनशर्त एकनिष्ठ राहण्याची शपथ घेता का, आणि परक्या सम्राटाशी असलेली निष्ठा सोडता का?

चिठ्ठीवर फक्त हो किंवा नाही लिहायचं. पहिल्या प्रश्नावर थोडी कुजबुज झाली. दुसऱ्यावर भराभर ‘हो’ आले. एका मुलीची चिठ्ठी कोरी होती. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, “मॅडम, हे सगळ्यांना विचारलंय की फक्त आम्हालाच?”

त्या दिवसाचा माझा अर्धा तास तिने वाचवला. हे प्रश्न 1943 च्या सुरुवातीला अमेरिकेत खरोखर विचारले गेले होते, आणि ज्यांना विचारले गेले त्यांच्याही मनात सगळ्यात आधी हेच आलं होतं. जॉन ओकाडाची ‘नो-नो बॉय’ ही 1957 सालची कादंबरी याच दोन प्रश्नांच्या उत्तरातून निघाली. नागरिकत्व म्हणजे काय, याबद्दलची लोकांची समजूत एखादी कादंबरी कशी बदलते, किती बदलते आणि कुठे चुकवते, हे पाहायला याहून चांगलं प्रकरण मला सापडलेलं नाही.

फॉर्म

19 फेब्रुवारी 1942 ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी कार्यकारी आदेश 9066 वर सही केली. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याला अडीच महिनेही झाले नव्हते. आदेशात ‘जपानी’ हा शब्द कुठेच नाही. सैन्याला वाटेल त्या प्रदेशातून वाटेल त्याला हलवता येईल, एवढंच त्यात म्हटलंय. पण हलवलं कोणाला हे सगळ्यांना ठाऊक होतं. पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे 1,20,000 माणसांना घरं, दुकानं, शेतं सोडून काटेरी तारांच्या आड दहा छावण्यांत राहावं लागलं. त्यातले दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. सिएटलच्या लोकांना आधी जवळच्या प्युॲलप गावातल्या जत्रेच्या मैदानावर ठेवलं, मग आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत धाडलं.

वर्षभराने सरकारला दोन गोष्टी हव्या होत्या: सैन्यासाठी तरुण, आणि छावणीबाहेर कामाला सोडता येतील अशी ‘भरवशाची’ माणसं. म्हणून फॉर्म काढला. कोणती वर्तमानपत्रं वाचता, कोणते खेळ खेळता, जपानी कितपत येतं, असे प्रश्न होते. बायकांच्या फॉर्ममध्ये लढाईऐवजी सैन्याच्या परिचारिका दलात जाल का, असं विचारलं होतं. आणि शेवटी ते दोन, क्रमांक 27 आणि 28.

आता 28 वा प्रश्न वडीलधाऱ्यांच्या बाजूने वाचा. जपानहून आलेल्या पहिल्या पिढीला, म्हणजे इस्सेइंना, अमेरिकेचं नागरिक होताच येत नव्हतं. 1790 पासून परदेशातून आलेल्या फक्त ‘गोऱ्या’ माणसाला नागरिकत्व मिळे, 1870 पासून आफ्रिकी वंशाच्या माणसालाही. आशियाई या दोन्हींत बसत नव्हते. ताकाओ ओझावा नावाचा गृहस्थ बर्कलीत शिकलेला, घरात इंग्रजी बोलणारा. त्याने सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली आणि 1922 मध्ये तो हरला. तीन महिन्यांनी, 19 फेब्रुवारी 1923 ला, त्याच न्यायालयाने आपल्या पंजाबातून तिकडे गेलेल्या भगतसिंग थिंडचं नागरिकत्वही याच पट्टीने मोजून नाकारलं. (तारीख पुन्हा पाहा. एकोणीस वर्षांनी त्याच दिवशी 9066 वर सही झाली. योगायोगच, पण मला तो विसरता येत नाही.) तर अशा इस्सेइ माणसाने जपानशी असलेलं नातं तोडलं, तर त्याच्या हातात कोणताच देश उरत नव्हता. ही अडचण लक्षात आल्यावर अधिकाऱ्यांनी त्यांच्यासाठी प्रश्नाची शब्दरचना बदलली.

मुलांची, म्हणजे निसेइंची, अडचण वेगळी होती. सिएटलमध्ये जन्मलेल्या मुलाने सम्राटावरची निष्ठा ‘सोडतो’ म्हणायचं, म्हणजे आधी ती होती हे कबूल करायचं. शिवाय घर हिसकावून तारेआड बसवलेल्या माणसाला ‘आमच्यासाठी लढशील का’ विचारणं हे कोणत्या तोंडाने? बहुतेकांनी तरीही ‘हो-हो’ लिहिलं. साधारण 12,000 जणांनी ‘नाही’ म्हटलं, अटी घातल्या किंवा उत्तरच दिलं नाही. त्यांना वेगळं काढून कॅलिफोर्नियातल्या टुली लेक छावणीत पाठवलं. दोन्ही ठिकाणी ‘नाही’ लिहिणारा तो ‘नो-नो बॉय’.

मराठीत याला काय म्हणावं यावर गटात बरीच चर्चा झाली. ‘नाही-नाही मुलगा’ कोणालाच पटेना. शेवटी एकजण म्हणाला, “नन्ना म्हणा ना. आमची आजी म्हणते, याचा सदानकदा नन्नाचा पाढा.” चपखल बसलं. मूळ शब्दातही तोच हिणवणारा सूर आहे: हट्टी, करंटा, घरादाराला काळिमा.

ज्याने ‘हो’ म्हटलं त्याने ‘नाही’ची गोष्ट लिहिली

ओकाडा स्वतः नन्ना नव्हता. 1923 मध्ये सिएटलला जन्मला, घरच्यांबरोबर मिनिडोकाला गेला आणि मग सैन्याच्या गुप्तवार्ता विभागात जपानी भाषेचा जाणकार म्हणून भरती झाला. पॅसिफिकवर विमानातून फिरला. म्हणजे ज्या बाजूला मानमरातब होता त्या बाजूचा हा माणूस.

कादंबरीच्या आरंभी एक छोटं प्रास्ताविक आहे, ते मी गटाला दोनदा वाचून दाखवलं. रात्रीचं विमान, त्यात एक जपानी-अमेरिकन सैनिक आणि नेब्रास्काचा धिप्पाड गोरा लेफ्टनंट. गप्पांत छावण्यांचा विषय निघतो. आईबापांना असं डांबलं असतं तर मी नसतो बसलो या विमानात, असं लेफ्टनंट शिवी हासडून म्हणतो. सैनिक एवढंच सांगतो की त्याची कारणं आहेत. आणि त्याला आपला मित्र आठवतो, जो दुसऱ्याच एका गणवेशात आहे, कैद्याच्या. कारण त्याच्या बापाला बायकामुलींच्या छावणीत जाऊ दिलं नव्हतं. सगळी कादंबरी त्या मित्राच्या जागेवरून लिहिलेली आहे.

कादंबरीचा नायक इचिरो यामादा पंचविसाव्या वर्षी सिएटलला बसमधून उतरतो. दोन वर्षं छावणीत, दोन वर्षं तुरुंगात. पहिल्याच रस्त्यावर जुन्या ओळखीचा ईटो भेटतो. तो हसून चौकशी करतो, मग डोक्यात प्रकाश पडतो आणि तो थुंकतो. जॅक्सन स्ट्रीटवर काळी पोरं त्याला टोकियोला परत जायला सांगतात. घरी धाकटा भाऊ तारो त्याच्याशी बोलत नाही आणि शाळा सोडून सैन्यात जातो, भावाचा डाग धुवायला. आपल्याकडे ‘उतरंड’ हा शब्द जातीच्या संदर्भात वापरतात. इथे तीच मडक्यांची रचना नागरिकत्वाची आहे. प्रत्येकाला पायाखाली कोणीतरी हवंय.

यातलं सगळ्यात तीक्ष्ण पात्र म्हणजे केन्जी. तो युद्धात लढलेला, पदकवाला. सरकारने गाडी दिलेली. पण त्याचा पाय कापलाय, जखम सडत वर सरकतेय, आणि प्रत्येक शस्त्रक्रियेत डॉक्टर आणखी थोडा भाग काढतात. अकरा इंच उरलेत. तो इचिरोला हिशेब घालतो: माझ्याकडे अकरा इंच आहेत, तुझ्याकडे पन्नास-साठ वर्षं. कोणाचं बरं? इचिरो मनातल्या मनात अदलाबदलीला तयार होतो. सडका पाय चालेल, मरण चालेल, पण त्या उरलेल्या पायाने अमेरिकेच्या मातीत उभं राहिल्यावर ती आपली आहे, ही खात्री हवी.

इथे गट बराच वेळ गप्प होता. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात नागरिकत्व जन्माने, वंशाने, नोंदणीने मिळतं असं लिहिलेलं असतं. अकरा इंचांनी मिळतं, असं कुठे नसतं. जन्माने मिळालेली गोष्ट पुन्हा कमवायला लावली, की तिची किंमत किती चढते, हे ओकाडाने इंचात मोजून दाखवलं.

आणखी एक प्रसंग लोक फारसा उचलत नाहीत. पोर्टलंडचा कॅरिक नावाचा गोरा अभियंता इचिरोला नोकरी देऊ करतो, देशाने तुमच्याशी वाईट वागणूक केली म्हणतो. इचिरो लढलेला नाही हे कळल्यावरही नोकरी मागे घेत नाही. इचिरोच ती नाकारतो. सरकारचा निकाल त्याने स्वतःवर लावून घेतलाय. माझ्या मते कादंबरीचा गाभा हा आहे, ईटोची थुंकी नव्हे.

शीर्षकातली चूक

आता एक गोष्ट जी पहिल्या वाचनात माझ्याही लक्षात आली नव्हती. इचिरो कायद्याच्या दृष्टीने ‘नो-नो बॉय’ नाहीच.

फॉर्मवर ‘नाही-नाही’ लिहिणं हा गुन्हा नव्हता. त्याची शिक्षा म्हणजे टुली लेक. तुरुंगात गेले ते वेगळे लोक. जानेवारी 1944 मध्ये निसेइ तरुणांना सक्तीच्या भरतीचे हुकूम यायला लागले, ते सुमारे तीनशे जणांनी धुडकावले. त्यातल्या अनेकांनी फॉर्मवर ‘हो’ किंवा ‘आमचे हक्क परत द्या, मग हो’ असं लिहिलं होतं. त्यांच्यावर खटले झाले. वायोमिंगमधल्या हार्ट माउंटन छावणीतल्या 63 जणांचा एकच खटला 1944 च्या जूनमध्ये चालला. डिसेंबर 1947 मध्ये ट्रुमन यांनी या सगळ्यांना माफी दिली. इचिरो न्यायाधीशासमोर उभा राहून तुरुंगात गेलेला, म्हणजे या दुसऱ्या गटातला. शीर्षक मात्र पहिल्या गटाचं.

कादंबरी गाजल्यावर शीर्षकाने इतिहास गिळला. आजही ‘नो-नो बॉय’ म्हटलं की लोकांसमोर तुरुंगातून सुटलेला तरुण येतो आणि इतिहासकारांना दरवेळी दोन गट सोडवून दाखवावे लागतात. ओकाडाची बाजू घ्यायची तर म्हणता येईल की रस्त्यावर थुंकणारे कलम बघून थुंकत नव्हते. समाजाने दोघांना एकाच मापात घातलं, त्याने तेच लिहिलं. हे मला पटतं.

पटत नाही ते दुसरंच. हार्ट माउंटनच्या तरुणांकडे स्वच्छ, कायदेशीर युक्तिवाद होता: आधी आम्हाला नागरिक म्हणून सोडा, मग नागरिकाचं कर्तव्य सांगा. त्यांची समिती होती, त्यांनी पत्रकं काढून वाटली होती. इचिरोला मात्र आपण ‘नाही’ का म्हणालो हेच सांगता येत नाही. कधी आईमुळे, कधी रागामुळे, कधी कशामुळेच नाही. पात्र म्हणून हे फार खरं आहे. पण हजारो वाचकांनी विरोधकांची प्रतिमा या एका गोंधळलेल्या मुलावरून बनवली आणि राज्यघटनेचा आधार घेऊन ‘नाही’ म्हणणारा माणूस त्या प्रतिमेतून गळाला. कादंबरी समजूत घडवते म्हणजे असंही घडवते.

वीस वर्षं उशीर

1957 मध्ये पुस्तक निघालं तेव्हा ज्यांच्याबद्दल होतं त्यांनाच ते नको होतं. 1,500 प्रती छापल्या होत्या, ओकाडा हयात असेपर्यंत त्याही संपल्या नाहीत. समाजाला तेव्हा पदकं मिळवणाऱ्या, जपानी-अमेरिकन सैनिकांच्या 442 व्या रेजिमेंटची गोष्ट सांगायची होती. 1952 च्या कायद्याने आईबापांना नागरिक होण्याची वाट नुकतीच मोकळी झाली होती. त्यात हे घरातलं भांडण चव्हाट्यावर कोण मांडणार? ओकाडा तांत्रिक लेखनाची नोकरी करत राहिला आणि फेब्रुवारी 1971 मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराने गेला.

साधारण त्याच सुमारास काही तरुण आशियाई-अमेरिकन लेखकांच्या हाती जुनी प्रत लागली. जेफ्री पॉल चॅन, फ्रँक चिन, लॉसन इनाडा, शॉन वाँग हे ते चौघं. ते लेखकाच्या शोधात निघाले, तर तो नुकताच गेलेला. मग 1974 मध्ये त्यांनी आपल्या संकलनात कादंबरीचा अंश घेतला, 1976 मध्ये पदरमोड करून पुस्तक पुन्हा छापलं, आणि 1979 पासून वॉशिंग्टन विद्यापीठाची प्रकाशनसंस्था ते काढते आहे.

आता इथे सावध राहायला हवं. ‘कादंबरीने कायदा बदलला’ असं वाक्य लिहायला छान वाटतं. मी ते लिहिणार नाही. जे घडलं ते असं. पुस्तक उकरून काढणारा फ्रँक चिन 1978 मध्ये सिएटलच्या काही कार्यकर्त्यांबरोबर ‘स्मरणदिना’च्या तयारीला लागला. 25 नोव्हेंबरला गाड्यांची लांबलचक रांग शहरातून निघाली आणि प्युॲलपच्या त्याच जत्रेच्या मैदानावर पोहोचली, जिथे 36 वर्षांपूर्वी सिएटलच्या कुटुंबांना ठेवलं होतं. दोन हजारांहून जास्त लोक आले. ज्या विषयावर घरात तोंड उघडायचं नाही असा दंडक होता, त्यावर आजोबा नातवंडांसमोर बोलायला लागले. 1980 मध्ये संसदेने छावण्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला, 1981 मध्ये शहरोशहरी सुनावण्या झाल्या, 1983 च्या अहवालाने कारणं नोंदवली: वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचं अपयश. 10 ऑगस्ट 1988 ला राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी भरपाईच्या कायद्यावर सही केली. हयात असलेल्या प्रत्येकाला माफीचं पत्र आणि 20,000 डॉलर. या साखळीत कादंबरी एक कडी आहे. तिने वाचकांना गप्प बसणं अवघड केलं, आणि त्यातल्या काहींनी गाड्या काढल्या.

स्वतःच्या माणसांची माफी मात्र आणखी उशिरा आली. जपानी-अमेरिकनांची सगळ्यात मोठी संघटना जेएसीएल; युद्धकाळात तिच्या नेतृत्वाने भरती नाकारणाऱ्यांना वाळीत टाकलं होतं. तिने त्यांची जाहीर माफी मागितली 2002 मध्ये. ईटोचं थुंकणं छापून आलं त्याला तेव्हा पंचेचाळीस वर्षं झाली होती.

इकडे

गटात कोणीतरी विचारणारच होतं की याचा आपल्याशी काय संबंध. विचारलं एका मुलाने, ज्याची मावशी न्यू जर्सीत आहे. तिच्या घरात नवरा-बायको ग्रीन कार्डाच्या रांगेत आणि दोन्ही मुलांकडे जन्मापासून अमेरिकेचा निळा पासपोर्ट. इस्सेइ-निसेइ हे शब्द त्याला समजावून सांगावे लागले नाहीत.

पण मला जवळचं उदाहरण वाटतं ते देवळीचं. 1962 च्या युद्धात भारत सरकारने आसाम आणि उत्तर बंगालमधल्या सुमारे 3,000 चिनी वंशाच्या लोकांना उचलून आगगाडीने राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेलं. त्यातले कित्येक इथेच जन्मलेले, घरात असमिया बोलणारे. गटातल्या एकानेही हे ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर पदवीला इतिहास घेऊनही मी ते उशिराच ऐकलं. आणि तिथेही विषय पुन्हा लोकांसमोर आणण्यात मोठा वाटा एका कादंबरीचा आहे: रीता चौधरींची असमिया ‘माकाम’, 2010. मराठीत या देवळीबद्दल कोणी कादंबरी लिहिलेली माझ्या पाहण्यात नाही.

त्याच आठवड्यात दोघांनी सेतू केंद्रातून डोमिसाइल काढलं होतं. कागदाचं पूर्ण नाव ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’. एकाने ते पिशवीतून काढून दाखवलं, तहसीलदाराची डिजिटल सही असलेलं, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. “शाळा सोडल्याचा दाखला लावला, झालं,” तो म्हणाला. कोऱ्या चिठ्ठीवाली मुलगी त्याच्याकडे बघत म्हणाली, “तुला झालं.” तिच्या वडिलांच्या कागदांवर दोन वेगळी आडनावं आहेत आणि ती तिसऱ्यांदा खेटे घालतेय, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

आई

एका पात्राबद्दल बोलायचं राहिलं. इचिरोची आई. जपान हरलाच नाही, आपल्याला न्यायला बोटी येताहेत, असं तिला ठाम वाटतं. पराभवाच्या बातम्या, भावाबहिणींची पत्रं, सगळं तिच्या लेखी अमेरिकेचा कट. ती दुकानात डबे मांडत राहते, नवरा दारू पीत राहतो, आणि शेवटी ती न्हाणीघरात जीव देते. जपान जिंकला असं मानणारे लोक युद्धानंतर खरोखर होते, ब्राझीलमध्ये तर मोठ्या संख्येने होते. तेव्हा पात्र हवेतलं नाही.

तरी माझी तक्रार आहे. मुलाच्या ‘नाही’ला ओकाडा दोनशेहून जास्त पानं देतो. आईच्या ‘नाही’ला वेड ठरवून मोकळा होतो. जिला पस्तीस वर्षं राहूनही या देशाने नागरिक होऊ दिलं नाही, तिने दुसऱ्या देशाला घट्ट धरून ठेवावं यात तितकासा वेडेपणा मला दिसत नाही. पण वाचकाच्या मनात इस्सेइ बाई म्हणजे ती दगडासारखी, भ्रमिष्ट आई, हे पक्कं बसतं. गटातल्या मुलींनी हे माझ्याआधी पकडलं.

ओकाडालाही हे जाणवलं असावं, असं मला वाटतं; कारण त्याची दुसरी कादंबरी पहिल्या पिढीवरच होती. ती पुरी झाली नव्हती. तो गेल्यावर त्याच्या बायकोने, डोरोथीने, हस्तलिखित आणि बाकीचे कागद एका विद्यापीठाला देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. घर बदलताना तिने ते सगळं जाळलं. शोध घेत आलेल्या त्या तरुण लेखकांना तिने हे सांगितलं, तेव्हा त्याला फार दिवस झाले नव्हते.